भोगीची भाजी

भाईंदर स्टेशनबाहेर बसणारी ती भाजीवाली काशीगावची. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकावर सासूसारखी ओरडायची. चंपाषष्ठीच्या आत गुजराती बाईला वांगी द्यायची, मला मात्र नाही. "तुला चालत न्हाय," म्हणायची.

त्या जानेवारीत बायकोला जाऊन तीन महिने झाले होते. भोगीच्या आदल्या दिवशी मी वांगी, गाजर, हरभरा, वाटाणा पिशवीत भरला. मला धड शिजवता येत नाही, पण बायकोने कधी भोगी चुकवली नव्हती. भाजीवालीने पिशवी घेऊन सगळं परत टोपलीत ओतलं.

"बायको गेली ना तुझी? वरीसभर घरात सण शिजवायचा न्हाय."

"मग उपाशी बसू?"

"बस."

मी शिव्या देतच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पत्ता कुठून काढला देव जाणे, ती तीन जिने चढून दारात उभी. हातात भाजीचा डबा, फडक्यात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या.

"दुसऱ्यानं आणून दिलेलं चालतं. खा." आणि उंबऱ्यापाशी बसूनच राहिली.

भाजी खारट होती. माझ्या बायकोची कधी खारट झाली नाही. तसं मी तिला तोंडावर सांगितलं.

"मंग रडतोस कशाला, म्हाताऱ्या?" ती म्हणाली आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.