मांत्रिकाची विद्या आणि शिपायाचं मन

नवं राज्य झालं त्या सुमारास रायपुरात जिकडेतिकडे पाट्या बदलत होत्या. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, दीदी पुण्याहून शिकून परतली, नव्या सचिवालयात लागली आणि येताना एक अजब खेळ घेऊन आली. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. दीदी गोष्ट सांगायची. आम्ही प्रत्येकजण त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचो आणि आपण काय करतो ते बोलायचो. जिथं नक्की काय होईल ते कळत नसे, तिथं फासे टाकायचे. रविवारी दुपारी तिच्या घरी कूलरसमोर आम्ही चौघं बसत असू: दीदी, मी, गोल बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारा माझा मावसभाऊ, आणि वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीमुळं वर्ध्याहून नुकतीच आलेली एक मुलगी. ती फार कमी बोलायची.

गोष्टीत ती किल्ल्यातली शिपाई होती. तळघरात कैदेत पडलेला राजपुत्र आम्हाला सोडवायचा होता. तीही आमच्याच बाजूची, पण राजाच्या हुकमाशिवाय कोठडीचं दार उघडणार नाही अशी शपथ तिच्या शिपायानं घेतलेली. मनधरणी करून आम्ही थकलो. मावसभाऊ मांत्रिक होता. दिवसातून एकदा तो जे सांगेल ते ऐकणाऱ्याला खरंच वाटावं, अशी विद्या त्याच्याकडं होती. शेवटी त्याचा धीर सुटला. तिच्याकडं वळून तो म्हणाला, "राजा मर गया. अब दरवाज़ा खोल."

मी हरकत घेतली. विद्या शत्रूसाठी असते, आपल्याच माणसावर कशी चालेल? त्यानं खेळाच्या नियमांच्या पुस्तकातली ओळ पुढं केली. तिथं नुसतं ‘ऐकणारा’ असं होतं. मित्र की शत्रू, काहीच नाही. आमची चांगलीच जुंपली. तेवढ्यात मुलीनं हातातले फासे हळूच खाली ठेवले. ते फक्त दीदीनं पाहिलं.

दीदीनं पुस्तक मिटलं. विद्या चालली, असं तिनं मावसभावाला सांगितलं. राजा मेला हे शिपायाला खरं वाटलं. पण ‘दार उघड’ हा झाला हुकूम, आणि हुकूम काही त्या विद्येत बसत नाही. मग ती मुलीकडं वळली, आणि तिच्याच बोलीत म्हणाली, "राजा गेला हे तुले खरं वाटलं. आता तुह्या शिपायाच्या मनात काय येते, ते मी नाही सांगणार. ते तूच सांग."

मुलगी म्हणाली, "राजा गेला, म्हणजे आत आहेत तेच आता राजे. मी दार नाही उघडत. गुडघे टेकते अन् विचारते, महाराज, काय हुकूम आहे?"

दीदीनं त्या दुपारसाठी भुयारातली मोठी लढाई रचली होती, नकाशासुद्धा काढला होता. तो कागद तिनं हसत बाजूला सारला आणि राजपुत्राच्या आवाजात दार उघडायचा हुकूम दिला. मग ही खबर कोणी आणली, असं विचारलं. मुलीनं मावसभावाकडं बोट दाखवलं. खबर खरी ठरेपर्यंत या माणसाला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं राजपुत्रानं फर्मावलं आणि पहारा तिच्याचकडं दिला. मावसभावाला हसू आवरेना.

राजा तर जिवंत होता. ते राजपुत्रापासून लपवता लपवता आमचा अख्खा पावसाळा गेला. मुलगी हळूहळू सगळ्यांत जास्त बोलायला लागली, दीदीशीसुद्धा वाद घालायला लागली. पुढं नोकरीत मी कितीतरी भांडणं मिटताना पाहिली. बहुतेक वेळा एक जिंकायचा आणि दुसरा मुकाट बसायचा. दीदीनं मात्र त्याची विद्या त्याला ठेवली आणि तिचं मन तिला.

नंतर एकदा मी दीदीला विचारलं, त्या मुलीनं सरळ दार उघडलं असतं तर?

"त मंग उघडलं असतं," दीदी त्याच वर्ध्याकडच्या बोलीत म्हणाली. "मले काय, लढाई तयारच होती."