बिबवेवाडीतून चढलेला डोंगर

परवा जुन्या बाजारात पाने, पकडी आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या पसाऱ्यात एक घडीचा नकाशा दिसला. केशरी कव्हराचा, इंग्लंडातल्या डोंगराळ मुलखाचा. तो पुण्यात कसा आला, कुणाच्या ट्रंकेतून निघाला, देव जाणे. उघडून पाहत उभा राहिलो तेव्हा विक्रेता म्हणाला, "घ्या साहेब, जाड कागद आहे. पोरांच्या वह्यांना कव्हरं होतील." मी हसलो, पण कागदाच्या घडीतून आलेला तो कोंदट वास नाकात शिरला आणि माझा रविवार तिथेच थांबला. अगदी असाच एक नकाशा मी एकदा सासऱ्यांना आणून दिला होता.

सासरे विदर्भातल्या सपाट मुलखातले. खडकीच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात नोकरीला आले तोवर त्यांनी डोंगर म्हणून काही पाहिलेला नव्हता, आणि एकदा पाहिल्यावर मग त्यांना दुसरं काही दिसेना. सुट्टी मिळाली की सह्याद्री. निवृत्तीनंतर बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. सासूबाई आधीच गेल्या होत्या, आणि एकुलत्या एका लेकीचं लग्न माझ्याशी झालं होतं. जावई आणि सासरे यांनी एकमेकांशी काय बोलावं हा आपल्याकडे एक अवघड प्रश्न असतो. आम्ही तो जमिनीवर नकाशे पसरून सोडवला. रविवारी सकाळी चहा झाला की बुद्धमूर्तीसमोरची सतरंजी गुंडाळली जाई, फरशीवर मोठमोठे सरकारी नकाशे उलगडले जात, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या जात आणि आमचं भांडण सुरू होई.

त्या काळात पुण्यात ज्याला त्याला परदेशाचे वेध लागले होते. आमच्या कंपनीने मलाही तीन महिने इंग्लंडला धाडलं, आणि परत येताना चॉकलेटांबरोबर मी तो केशरी नकाशा आणला. तिकडे तो वाण्याच्या दुकानातसुद्धा मिळतो हे सांगितल्यावर सासऱ्यांनी तो उलटून पुन्हा पाहिला. सरकारी नकाशाची एकेक शीट मिळवण्यासाठी त्यांनी जन्मभर खटपटी केल्या होत्या. मग त्यांनी आपली वेल्ह्याची शीट शेजारी पसरली आणि दोन्ही नकाशे निरखायला घेतले. इंग्रजी नकाशात शेतांची भिंत न् भिंत होती, पायवाटा हिरव्या होत्या, दारूचा गुत्ता कुठे आहे तेही पेल्याचं चित्र काढून दाखवलं होतं. आमच्या शीटवर देवळं, विहिरी आणि लाल तुटक वाटा. धरणाखाली गेलेली गावंही त्या जुन्या शीटवर अजून कोरडी ठणठणीत उभी होती.

"अहो, यांचा एकही ओढा आटत नाही का?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे कोरडे ओढे काळ्या रेघेने दाखवतात, इथे सगळंच निळं. मग तिथल्या सर्वांत उंच शिखराचा आकडा वाचून म्हणाले, "एवढंच? आपला सिंहगड याच्याकडे मान खाली घालून बघेल." पण तो नकाशा त्यांनी मला परत मात्र दिला नाही.

पुढे कंपनीने कायमचं बोलावणं धाडलं. इंग्लंडला या, घर देतो, बायकोलाही आणा. सगळे पेढे मागत होते आणि आम्ही दोघं एकमेकांची नजर चुकवत होतो. बाबांना एकटं टाकून जायचं कसं, आणि मुळात हे त्यांना सांगायचं कुणी? आज सांगू, उद्या सांगू करत कितीतरी रविवार गेले. एका सकाळी केशरी नकाशाच्या उजव्या कडेवर बोट ठेवून सासरे सहज स्वरात म्हणाले, "इथे कागद संपतो. तुमच्या ऑफिसचं गाव याच्या पूर्वेला येतं ना? शेजारची शीट मिळाली तर बघा. लेक कुठे राहणार ते कळायला नको?" स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मला इतकी लाज आणि इतकी सुटका एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

आम्ही गेलो. शेजारची शीट मी तिथून पहिल्याच आठवड्यात टपालाने धाडली. मग एक अजब रिवाज सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिथल्या टेकड्यांवर चढत असू आणि वाटेतून मोबाइलने बिबवेवाडीला फोन लावत असू. "जयभीम. हं, कुठे पोचलात?" आम्ही ओढा सांगायचा, फाटा सांगायचा, की तिकडे फरशीवर त्यांचं बोट तिथे येई. "आता डावीकडची वाट घेऊ नका, पुढे दलदल दाखवलीय." नकाशा आमच्या हातातही होता, पण वाट ते सांगत. पाय आमचे आणि डोंगर त्यांचा, असं दोन वर्षं चाललं. बायको म्हणे, बाबा किती रमलेत बघ. मलाही ते पटत होतं, कारण पटवून घेण्यात सोय होती.

एकदा माथ्यावर असताना दाट धुकं उतरलं. हातभर अंतरावरची बायको मला दिसेना. फोन लावला, दोघांचे कान त्याला चिकटवले आणि मी म्हणालो, "बाबा, इथे काहीच दिसत नाही."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "इथूनही नाही हो दिसत. सगळा डोंगर समोर पसरलाय. भिंती आहेत, ओढे आहेत, वाटा आहेत. तुम्ही दोघं तेवढी कुठे दिसत नाही." आणि लगेच, "भिंत उजव्या हाताला ठेवा. सावकाश उतरा."

उतरलो. वाटेत ती रडत होती आणि मी तिला रडू दिलं. त्या वर्षअखेरीस आम्ही परत आलो. लोकांना मी काम संपल्याचं सांगितलं, काहींनी मला वेड्यात काढलं. सासऱ्यांनी कारण विचारलंच नाही. "आलात का? बरं झालं, दुधाची एक पिशवी जास्तीची सांगतो," एवढंच बोलले.

पहिल्याच रविवारी आम्ही तिघं वेल्ह्याकडच्या डोंगरात गेलो. गवत पिवळं झालं होतं, ओढे आटायला लागले होते. पूर्वी ते नेहमी पुढे असत, नकाशा गळ्यात अडकवून, कुणालाही पुढे जाऊ न देता. त्या दिवशी त्यांनी नकाशा माझ्याकडे दिला आणि स्वतः मागे राहिले. मला वाटलं, वय झालं, गुडघे बोलत असतील. डोंगराच्या सोंडेवर थांबून मी म्हणालो, "बाबा, दमलात का? या ना पुढे."

"दमलो नाही हो," ते म्हणाले. "मागून दोघंही दिसता."

तिने वळून पाहिलं नाही. फक्त चाल कमी केली.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. वेल्ह्याच्या वाटांवर डांबर आलं, लाल तुटक रेघा गेल्या आणि वाट दाखवायला आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. डोंगरात गेलो की ती अजूनही तशीच हळू चालते, आणि मागे कुणी नाही हे ठाऊक असूनही मी तिला घाई करत नाही.