एकेरी वात

त्या आश्विनात देवाशी माझं बोलणंच तुटलं होतं. यांना विषमज्वर झाला आणि ताप काही केल्या उतरेना. वैद्यांनी नाडी पाहिली, सासूबाईंना बाजूला नेलं आणि आजची वेळ सांभाळा म्हणून सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. पंचवटीत राहायचं, उठल्यासुटल्या रामाचं दर्शन घ्यायचं, आणि त्यानं नेमकं आमच्याच घरावर उठावं? मनातल्या मनात मी त्याला नाही नाही ते बोलले.

दिवेलागणीला रागारागातच कापूस हातात घेतला. कशीबशी वात वळली आणि यांच्या उशाशी दिवा लावला. मागून सासूबाईंनी हंबरडा फोडला, तेव्हा मी दिव्याकडे नीट पाहिलं. वात एकेरी होती आणि तिचं तोंड दक्षिणेला. घरातलं माणूस गेलं की त्या जागी ठेवतात तसला दिवा मी माझ्या हातानं जिवंत नवऱ्याच्या उशाशी लावला होता. विझवावा तर तेही अशुभ. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.

तेवढ्यात त्र्यंबकेश्वराहून परतणारी एक बाई पाणी मागायला दारात आली. बागलाणाकडची, माझ्या आईच्या वयाची. आमचे चेहरे नि तो दिवा पाहून ती सरळ आत आली. उरलेला कापूस घेऊन तिनं पोटरीवर दुसरी वात वळली, तेलात भिजवून पहिलीला बिलगून ठेवली आणि दिवा हलकेच पूर्वेकडे फिरवला.

"घाबरू नको माय," ती म्हणाली. "वात एकली शे, तिले जोड दे. बाकी देव देखी लेई."

बाकी देव बघून घेईल, एवढं सांगून नि पाणी पिऊन ती गेली. तिचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. मी दिव्यापाशी बसले. खरं सांगते, भांडायला अंगात त्राणच उरलं नव्हतं. तेल घालायचं, वात पुढे सारायची, एवढंच माझ्या हातात होतं. ज्योत काही माझी नव्हती. रामा, तुला हवं ते कर, असं म्हणून गेले आणि मन एकदम हलकं झालं. जरा वेळानं यांच्या कपाळाला हात लावला, तर ते घामानं ओलंचिंब. यांनी डोळे उघडले.

"आईला म्हणावं, रडू नकोस," हे पुटपुटले. "पेज कर."

ही कृपा की नुसता योग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला जे मिळायचं ते मिळालं.

त्रिपुरी पौर्णिमेला हे स्वतःच्या पायांनी रामकुंडावर निघाले. घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी चारचौघांत मान वर न करणाऱ्या सासूबाई पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वाट द्या रे, माझा मुलगा चालत आलाय!"

लोक खरंच बाजूला झाले. यांनी द्रोणातला दिवा गंगेत सोडला. मी हात जोडून उभी राहिले, पण मागायला काही सुचेना.