किल्ली घेऊन रेगेन्सबर्गला

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमधल्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागाच्या दाराशी मी सवयीने बूट काढले आणि मोज्यांवर आत शिरलो. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. आतली पोरंपोरी काम थांबवून त्या अंगठ्याकडे बघू लागली. विभागाच्या प्रमुख, फ्राऊ (बाई) बाउअर, धावतच आल्या आणि पुढे लोखंडी टोपी असलेले जाडजूड बूट त्यांनी माझ्यासमोर ठेवले.

"दाजी, बूट का काढलेत?" नितीन पुटपुटला. हा माझा मेहुणा. याच मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. ही भेट त्यानेच ठरवली होती.

"अरे, आमच्याकडे यंत्राच्या खोलीत चपला काढूनच जातात."

मी आमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये यंत्रकाम शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवंकोरं सीएनसी (संगणकावर चालणारं) यंत्र आलं. मी त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि खोलीला कुलूप लावलं. मुलं काचेतून बघून वहीत आकृत्या काढतात. आकृत्या फार सुबक येतात हो! किल्ली या क्षणी माझ्या पँटच्या खिशात होती. माझ्यामागे कुणी यंत्राला हात लावू नये म्हणून मी ती जर्मनीला घेऊन आलो होतो.

फ्राऊ बाउअर विचारत होत्या, नितीन मराठी करून सांगत होता.

"तुमची मुलं यंत्र दिवसातून किती वेळ चालवतात?"

"चालवत नाहीत. बघतात."

"मग चालवतं कोण?"

"कुणीच नाही. मी दर शनिवारी पुसतो. दसऱ्याला हार घालतो."

नितीनने यातलं किती सांगितलं कोण जाणे. मग बाईंनी मला कोपऱ्यातल्या एका पिंपाशी नेलं. त्यात वाकडे, तुटके, चुकीच्या मापाचे धातूचे तुकडे होते.

"या मुलांनी बिघडवलेले," बाई म्हणाल्या. " हे पिंप रिकामं राहिलं, तर वरचे साहेब मला विचारतात, शिकवत नाही का?"

"गेनाऊ (अगदी बरोबर)," नितीन स्वतःच म्हणाला.

दुपारी डोनाऊ नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर आम्ही ब्रेझेल (खाऱ्या पावाचं वेटोळं) खात उभे होतो. तेवढ्यात घरून बायकोचा, सुमनचा, फोन आला.

"अहो, तुमच्या वर्गातली पल्लवी येऊन बसली आहे. सोमवारी कंपनीवाले नोकरीसाठी मुलींची परीक्षा घेणार आहेत, यंत्रावर. प्राचार्यांकडे गेली, तर ते म्हणाले, किल्ली सरांकडे. कुठे ठेवली आहे?"

मी खिशात हात घातला. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी लाज वाटली नव्हती.

"दाजी, आपल्याकडे हे असंच चालायचं," नितीन म्हणाला. "त्यापेक्षा हुशार पोरी इकडे पाठवा."

"का म्हणून?" मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरचा सायकलवाला थांबला. "इथे यायला त्यांना विमान लागेल. तिथे त्यांच्या आड फक्त एक कुलूप आहे, तेही मी लावलेलं!"

प्राचार्यांना फोन केला. ते म्हणाले, "मार्चमध्ये सरकारी तपासणी आहे. यंत्र मोडलं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी. मोडू दे. कुलूप तोडा, मी आत्ता लेखी पाठवतो."

पाठवलंही. 'तोडा' हा शब्द एकदा खोडला, पण पुन्हा लिहिला.

परतलो तेव्हा परीक्षा दिलेल्या आठ मुलींपैकी तिघी नोकरीला लागल्या होत्या. त्यांत पल्लवी नव्हती. यंत्रावर तिला जेमतेम तीन दिवस मिळाले होते. पहिल्याच दिवशी तिने एक कटर मोडला होता. तिसऱ्या दिवशी मात्र माप चुकलं नाही, असं तीच मला सांगत होती, यंत्रावरून नजर न हटवता. कोपऱ्यात मी एक पिंप ठेवलं. टेबलावर, कुलूप तोडायला लावलं म्हणून, माझ्यासाठी कारणे दाखवा नोटीस होती.

घरी सुमनला मी पिंपाची गोष्टही सांगितली. तिने नोटीस दोनदा वाचली. मी तोंड पाडून किल्ली खुंटीला अडकवू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "ती कशाला टांगताय? त्या पिंपात टाका. तुम्ही बिघडवलेलंही त्यात काहीतरी असू दे."