बावखलाची पातळी

जेसिंताला दुपारी झोपायची सवय नाही, आणि आज तर झोपून चालणारच नाही. पाच वाजता सांडवलीच्या चर्चच्या हॉलमध्ये समितीची बैठक आहे. तिने आखलेल्या मास्टर प्लॅनवर आज सही व्हायची आहे. चर्चमागच्या आठ एकरांत आपल्या लोकांसाठी घरं, खाली दुकानं, एक दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी निवारा. जमीन हरित पट्ट्यातली, परवानगी मिळता मिळता नाकी नऊ येणार. त्यात कोपऱ्यात जुनं बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं तळं. आता बुजत आलंय, वर गवत माजलंय. पण नकाशात बावखल दाखवलं की त्याच्या काठाला वीटसुद्धा लावता येत नाही. ‘ब’ इमारत जाते, बारा घरं जातात, त्यातलं एक तिच्या धाकट्या भावाचं, ग्रेगूचं. म्हणून जेसिंताने तिथे लिहिलंय, ‘सखल भाग’. झालं, दोन शब्दांत तळं गुल! आठ दिवस झाले, तेव्हापासून बाईच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. नकाशाची गुंडाळी उशाला ठेवून ती सोफ्यावर जरा पाठ टेकते, पाचच मिनिटं.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी म्हणतं, “बाय, नळी धर गं.”

बाबा. बस्त्याव मिस्त्री, सांडवलीतले नावाजलेले गवंडी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण कानामागे पेन्सिल आहे आणि बनियनला सिमेंट लागलंय. हातात ती पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. दोन टोकांतलं पाणी एका पातळीला येतं, त्यावरून भिंती सरळ करायच्या. लहानपणी दुसरं टोक कायम जेसिंताकडे असायचं.

“बाबा, मला पाचला बैठक आहे.”

“मग चल लवकर. पातळी घेऊ.”

ते पुढे चालतात, ती नळी धरून मागे. स्वयंपाकघर ओलांडलं की चर्चचे बाक लागतात. बाकांवर समितीची माणसं फायली मांडीवर घेऊन बसलीयत, कुणी मान वर करत नाही. वेदीमागे तिच्या शाळेचा व्हरांडा आहे, आणि व्हरांड्यात घोट्याएवढं पाणी. तिच्या चांगल्या चपला भिजतात. किती वाजले असतील? भिंतीवर घड्याळ आहे, पण बाबा वळतात आणि घड्याळ मागे राहतं.

“किती दाखवतंय?” बाबा लांबून ओरडतात.

“पाणी हलतच नाहीये, बाबा!”

“अंगठा!”

अगं बाई! नळीच्या तोंडावर तिने अंगठा गच्च दाबून धरलाय. आठ वर्षांची असतानाही ती हेच करायची आणि ओरडा खायची. तोंड बंद असलं की पाणी अडून बसतं, पातळी खोटी येते. ती अंगठा काढायला जाते आणि थबकते.

“काढला तर ग्रेगूचं घर जाईल.”

“ग्रेगू माझाही पोरगा आहे.” बाबा आता अगदी जवळ उभे आहेत. त्यांचा चेहरा उतरलाय. “चर्चचा हॉल बांधला तेव्हा उरलेलं डबर, दगड-विटांचे तुकडे कुठे टाकायचे असं फादरांनी विचारलं. बावखलाकडे बोट मीच दाखवलं. पहिली पाटी मीच ओतली.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू तरी कुठे बोलतेयस?”

तिला रडू येतं. रागही येतो, मेल्यावर का सांगताय म्हणून.

“काढ, बाय. हात भरून आला माझा.”

ती अंगठा उचलते. नळीतलं पाणी धडपडत वर चढतं, खाली येतं, थांबतं. आता ते एका नव्याकोऱ्या खोलीत आहेत, डिस्टेंपरचा वास येतोय, खिडकीत ग्रेगूच्या मुलीचा फ्रॉक वाळतोय. बाबा कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर खूण करतात. गुडघ्याच्या वर.

“पावसात इथवर येईल,” ते म्हणतात. “पाणी जागा विसरत नाही गं.”

फोन वाजतो. चार वाजून दहा.

“ताई, निघालीस का?” ग्रेगू आहे. “आम्ही दोघं हॉलवर पोचलोसुद्धा. हिने पेढे आणलेत.”

जेसिंता उठून बसते. उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक गोल वळ उठलाय, लालभडक, नळीच्या तोंडाएवढा. ती सोफ्यावर चाचपते, उशाखाली बघते. असा वळ उठेल असं गोल काही सापडत नाही.

“ग्रेगू, तुझी इमारत मी नकाशातून काढतेय.”



“चेष्टा करतेस का? हिला काय सांगू मी?”

“मी येऊन सांगते. दोघांना. बाबांनी तिथे काय टाकलं होतं, तेही सांगते. तोवर पेढे वाटू नका.”

तो फोन ठेवतो.

ती नकाशा टेबलावर पसरते. कागद सारखा गुंडाळायला बघतो, म्हणून कोपरा उजव्या अंगठ्याने दाबून धरते. मग डाव्याच हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, ‘सखल भाग’ खोडून ‘बावखल’ लिहिते. अंगठ्यावरचा वळ अजून गेलेला नाही.