कवडशातला आवाज

"झिला, आवाज पोटातसून काढ. गळ्यातलो उसनो असता." भजन शिकायला आलेल्याच्या पोटावर दोन बोटं टेकवून बुवा हे म्हणायचे. आवाजाबरोबर पोट हललं की मगच बोटं काढायची.

घाटकोपरच्या डोंगरावरची आमची वस्ती. संपात गिरणी गेली, बुवांकडे शनिवारचं भजन तेवढं उरलं. असा आवाज तुमच्याही वस्तीत असेल. बायका नळावरची हंडी भरून वाहू द्यायच्या, पण ऐकायच्या.

मी तेव्हा टीबीविरुद्ध पत्रकं वाटायचो. सरकारवर चीड, लोकांवर त्याहून जास्त. बुवांचा खोकला ओळखून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. औषध चालू असताना ते स्वतःहून गायचे थांबले. वर्ष उलटून गेलं. शेवटची थुंकी तपासून डॉक्टर म्हणाले, आता खुशाल गा.

पण बुवा बरे झालेत यावर वस्तीचा विश्वास बसेना. म्हणून रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मी सभा घेतली. दारं लावली. पत्र्याच्या भोकातून एकच कवडसा येत होता. बोलताना तोंडातून काय उडतं तेही लोकांना दाखवायचं होतं. कवडशात उभं राहून गाल का, असं बुवांना विचारलं.

"गातंय. पण मी बरो झालंय, ह्या सगळ्यांसमोर सांगशीत ना?"

"सांगतो ना, बुवा."

बुवा आधी हळू गायले. मग मी मोठ्याने गा म्हटलं. उन्हात थेंबांचा धूर उठला. पुढच्या बाईने मांडीवरचं मूल मागे ओढलं. ते बघून मला चेव आला. आवाज जितका मोठा तितकं जास्त उडतं, हाच शत्रू, उघडा खिडक्या, धरा रुमाल. अख्खं पत्रक मला पाठ होतं. बुवा कवडशातच उभे होते, माझ्याकडे बघत. ते बरे झालेत हे मी शेवटी सांगणार होतो. शेवटपर्यंत कुणी थांबलंच नाही.

थेंब माझ्याही तोंडातून उडत होते. मी कवडशात नव्हतो, एवढंच.

मग घरोघर सांगत फिरलो. "असतील रे बरे," मृदंगवाला म्हणाला, "पण आम्ही डोळ्यांनी बघितलं ना."

त्या शनिवारी बुवांसमोरची सतरंजी रिकामी राहिली. लोक दाराशी दाटीवाटीने बसले. बुवांनी पाहिलं, उठले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि एकच अभंग म्हणाले. नंतर टाळ पिशवीत घातले.

महिन्याभरात ते गावी निघाले. एसटीपर्यंत बोचकं मी नेलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर घशातून धड आवाज निघेना. बुवांनी डाव्या हाताने आपल्या तोंडावर रुमाल धरला. उजव्या हाताची दोन बोटं सवयीने माझ्या पोटाकडे आली, आणि टेकण्याआधीच मागे गेली.