ताईची जोडीदारीण

आमच्या ताईला कुणी गंडवू शकेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसून गडाबडा लोळले असते. औषधांच्या दुकानात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. गिऱ्हाइकाने घाई केली की ही मुद्दाम चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचायची. शंका आली तर सरळ डॉक्टरांना फोन लावायची. घरात तिच्यापुढे भावोजींचीही डाळ शिजत नसे.

चाळिशीत तिने संध्याकाळच्या सॉफ्टवेअरच्या वर्गात नाव घातलं. दुकानातून बाहेर पडायचंच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “या वर्गात माझं थोडं संशोधनही चालतं. कुणाची हरकत असेल तर हात वर करा.” आता मार्क ज्याच्या हातात, त्याच्यासमोर हात कोण वर करणार? ताईनेही केला नाही.

सरांच्या वर्गात प्रोग्राम जोडीने लिहायचा. एकाने कीबोर्डवर बसायचं, दुसऱ्याने शेजारी बसून चुका दाखवायच्या. वाद झाला तर आपसात मिटवायचा, सरांकडे यायचं नाही. ताईला जोडीदारीण मिळाली ती तिच्याच वयाची, हसरी, पूर्वी कुठल्याशा कंपनीत काम केलेली. दोघींची अशी गट्टी जमली की बाई रविवारी घरी यायला लागली. माझ्या भाचीला गणितं शिकवायची, आणि मलाही नावाने न बोलवता ‘धाकटे’ म्हणायची. मला आवडायचं ते.

कामात मात्र काहीतरी बिनसत होतं. ताई म्हणायची, “नावाची जागा कुणी रिकामी सोडली तर प्रोग्राम इथे बंद पडेल.” ती म्हणायची, “छे गं, कंपनीत आम्ही असंच लिहायचो.” मग ताई तिला तसंच लिहू द्यायची. तपासणीत प्रोग्राम नेमका तिथेच बंद पडायचा. मग जोडीदारीण जीभ चावायची, “चुकलंच की गं आपलं!” आपलं, म्हणे!

हे वर्षभर चाललं. ताई घरी येऊन स्वतःलाच बोल लावायची. “मला कळत होतं तर मी ठाम का नाही राहिले? म्हणजे मला कळतच नसणार.” हळूहळू ती दुकानातही साध्या चिठ्ठ्या मालकांना दाखवायला लागली. मालक वैतागले, “बाई, तुम्हीच आम्हाला शिकवायचात ना?” शेवटी तिने सरांना जाऊन सांगितलं, “पुढच्या वर्षाला मी येत नाही. हे माझ्या डोक्याचं काम नाही.” सर म्हणाले, “बघा, विचार करा.” बस्स, एवढंच.

शेवटच्या दिवशी प्रोग्राम बघायला घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मी गेले. सर खुशीत होते. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि सांगून टाकलं, की निम्म्या जोड्यांमध्ये एकेक जण त्यांचाच संशोधन सहायक होता. त्याने मधूनमधून चुकीचं मत छातीठोकपणे मांडायचं. उत्तर माहीत असलेला विद्यार्थी कधी माघार घेतो, ते सरांना पाहायचं होतं. “मार्कांवर काहीही परिणाम होणार नाही,” असंही ते म्हणाले. काही जण हसले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ताई उभी राहिली. “सर, मी सोडते म्हणाले, तेव्हा माझं बरोबर होतं हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो. पण तेव्हा सांगितलं असतं तर प्रयोग बिघडला असता.”

माझं डोकंच फिरलं. “आणि माझी बहीण बिघडली त्याचं काय?” मी भर वर्गात ओरडले. सर चष्मा पुसत बसले. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. आमच्या घरात येऊन बसलेली बाई त्यांनी पाठवलेली होती!

बाहेर जिन्यापाशी त्या जोडीदारणीने आम्हाला गाठलं. डोळे लाल झालेले. “रविवारी यायचे ते मनापासून गं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तू सोडू नकोस, तुला खरंच येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं. शपथ.”

ताई माझा दंड घट्ट धरून हळूच म्हणाली, “ही आता खरं बोलतेय का? तू सांग ना गं. मला नाही कळत.”